तरंग मोजणारा माणूस : हाइन्रिख हर्ट्झ

घरातल्या पंख्याच्या किंवा मिक्सरच्या पट्टीवर ५० हर्ट्झ असे छापलेले असते. एफएम रेडिओचे केंद्र मेगाहर्ट्झमध्ये सांगितले जाते, संगणकाचा वेग गिगाहर्ट्झमध्ये आणि कानाच्या डॉक्टरांकडे होणाऱ्या श्रवणचाचणीचा आलेखही हर्ट्झमध्येच काढला जातो. वीज, रेडिओ आणि आवाज या तिन्हींना लागू पडणारा हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे, की ते कुणाचे तरी आडनाव आहे याचा विसर पडावा. हे आडनाव हाइन्रिख रुडॉल्फ हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे. त्यांना अवघे ३६ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातील जेमतेम दोन-तीन वर्षांच्या प्रयोगांनी विद्युतचुंबकीय तरंग कागदावरच्या गणितातून प्रत्यक्षात आले. हे तरंग कोणाला दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. तरीही हर्ट्झ यांनी ते मोजून दाखवले आणि त्यासाठी आवाजाच्या अभ्यासातून आलेल्या युक्त्या वापरल्या. म्हणूनच त्यांचे चरित्र हा तरंगांच्या विज्ञानाचा सोपा पहिला धडाही ठरतो.

लेथवर बसणारा विद्यार्थी

हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बर्ग येथे एका सुस्थितीतील कुटुंबात झाला. वडील गुस्ताव्ह हर्ट्झ वकील होते आणि पुढे ते हॅम्बर्ग नगरराज्याचे सिनेटर झाले. वडिलांचे घराणे मूळचे ज्यू; मात्र वडील लहान असतानाच त्या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई अ‍ॅना एका डॉक्टरांची कन्या. पाच भावंडांत हाइन्रिख थोरला. भाषांची त्याला उपजत गोडी होती. शालेय वयातच तो अरबी शिकला. त्याच वेळी रविवारच्या तांत्रिक शाळेत जाऊन तो आरेखन शिकत होता आणि घरी सुतारकामाची हत्यारे व लेथ चालवून स्वतःची उपकरणे बनवीत होता. हाताला लागलेले हे वळण पुढे फार उपयोगी पडले, कारण ज्या प्रयोगांनी त्यांचे नाव झाले त्यांची उपकरणे कोणत्याही दुकानात मिळणारी नव्हती.

अभियंता व्हायचे असे सुरुवातीला ठरले होते. १८७५ मध्ये फ्रँकफर्ट येथे उमेदवारी, नंतर ड्रेझ्डेन येथे शिक्षण, मग एक वर्षाची लष्करी सेवा असा प्रवास करून ते १८७७ मध्ये म्युनिकला पोहोचले. तेथे त्यांनी अभियांत्रिकी सोडून भौतिकशास्त्र घेण्याचा निर्णय घेतला आणि वर्षभरात बर्लिन गाठले. बर्लिनमध्ये त्यांना हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ हे गुरू लाभले. मूळचे वैद्यक असलेल्या हेल्महोल्ट्झ यांनी कान आवाज कसा ओळखतो याचा सखोल अभ्यास केला होता. संगीताच्या स्वरांविषयीचा त्यांचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ध्वनीचा असा जाणकार विजेच्या प्रश्नांकडेही वळलेला होता, ही गोष्ट शिष्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

एका अवघड प्रश्नाला नकार

त्या काळी भौतिकशास्त्रात एक मोठा वाद अनिर्णित होता. स्कॉटलंडचे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात वीज आणि चुंबकत्व यांना एकाच गणिती सूत्रात गुंफले होते. बदलते विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, बदलते चुंबकीय क्षेत्र पुन्हा विद्युत क्षेत्र निर्माण करते आणि अशी ही जोडी तरंगाच्या रूपाने अवकाशात पुढे सरकते, असे त्या गणितातून निघत होते. या तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाइतकाच निघाला. त्यावरून प्रकाश हाही विद्युतचुंबकीय तरंगच असला पाहिजे, असा निष्कर्ष मॅक्सवेल यांनी काढला. युरोपातील अनेक विद्वानांना मात्र तो पटत नव्हता. पुरावा नव्हता, हे त्याचे साधे कारण.

१८७९ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीने या सिद्धांताच्या एका भागाचा प्रायोगिक पुरावा देणाऱ्यास पारितोषिक जाहीर केले. हेल्महोल्ट्झ यांनी हा प्रश्न आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्यापुढे ठेवला. हर्ट्झ यांनी हिशेब मांडून पाहिला आणि नकार दिला. या कामासाठी विजेची आंदोलने अतिशय जलद हवीत आणि उपलब्ध साधनांनी ती मिळणार नाहीत, असे त्यांना दिसले. २२ वर्षांच्या तरुणाने अकादमीचे पारितोषिक असे बाजूला ठेवले, पण प्रश्न मनातून गेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅक्सवेल यांचे निधन झाले. आपले तरंग खरे आहेत की नाहीत, हे त्यांना कळले नाही.

पुढील काही वर्षे हर्ट्झ यांनी इतर विषयांत काम केले. १८८० मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर ते हेल्महोल्ट्झ यांचे सहायक झाले. दोन गोलाकार पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता त्यांच्यात किती ताण निर्माण होतो, याचे त्यांनी मांडलेले गणित आजही बेअरिंग आणि दंतचक्रे बनवणारे अभियंते वापरतात. १८८३ मध्ये ते कील विद्यापीठात गेले. तेथे नीट प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्यांनी मॅक्सवेल यांच्या समीकरणांचा कागदावरच कसून अभ्यास केला. १८८५ मध्ये कार्ल्सरूए येथील तांत्रिक विद्यालयात ते प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १८८६ रोजी, तेथील एका सहकाऱ्याची कन्या एलिझाबेथ डोल हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

ठिणगीला ठिणगीचे उत्तर

१८८६ च्या शरद ऋतूत विद्यालयातील जुनी उपकरणे तपासताना हर्ट्झ यांच्या एक गोष्ट लक्षात आली. तारेच्या एका चपट्या वेटोळ्यातून विजेचा झटका सोडला, की शेजारच्या, कशालाही न जोडलेल्या वेटोळ्याच्या फटीतही ठिणगी पडते. सात वर्षांपूर्वी अशक्य वाटलेली जलद आंदोलने इथे सापडत होती.

त्यांनी उपकरण तयार केले. एका सरळ तारेच्या दोन टोकांना जस्ताचे दोन मोठे गोळे आणि तारेच्या मधोमध बारीकशी फट. इंडक्शन कॉइलने या दोन भागांत विद्युतभार साठवला, की फटीत ठिणगी उडे आणि त्या क्षणी तो भार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे व पुन्हा उलट असा सेकंदाला कोट्यवधी वेळा हेलकावे खाई. हा झाला तरंग पाठवणारा. तरंग घेणारे उपकरण त्याहून साधे होते : तारेचे एक कडे आणि त्याला असलेली सूक्ष्म फट. ही फट स्क्रूने कमी-जास्त करता येत असे. कड्यापर्यंत तरंग पोहोचला तर त्याच्या फटीत इवलीशी ठिणगी दिसणार होती. ती इतकी क्षीण असे, की खोलीत अंधार करून बराच वेळ डोळे सरावल्यावरच ती ओळखता येई.

कुठलेही कडे मात्र चालत नव्हते. सतारीवर वरची तार छेडली, की तिच्या स्वराशी जुळवलेली खालची तरफेची तार हात न लावता झंकारते. न जुळलेली तार गप्प राहते. याला अनुनाद म्हणतात आणि हेल्महोल्ट्झ यांनी आवाजाच्या अभ्यासात त्याचा पुरेपूर वापर केला होता. हर्ट्झ यांनी तेच तत्त्व विजेला लावले. कड्याचा आकार असा निवडला, की त्याची स्वतःची आंदोलने पाठवणाऱ्या तारेच्या आंदोलनांशी जुळावीत. आज रेडिओचे केंद्र लावताना जे घडते, ते तत्त्वतः हेच आहे.

या प्रयोगांच्या ओघात १८८७ मध्ये आणखी एक शोध लागला. ठिणगी स्पष्ट दिसावी म्हणून हर्ट्झ यांनी कड्याची फट एका पेटीत झाकली, तर ठिणगी उलट आखूड झाली. कारण शोधताना त्यांनी मध्ये काचेचा तुकडा ठेवून पाहिला, क्वार्ट्झचा ठेवून पाहिला. काच अडथळा आणत होती, क्वार्ट्झ आणत नव्हता. पहिल्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण दुसऱ्या ठिणगीला मदत करीत होते, असा उलगडा झाला. हाच प्रकाशविद्युत परिणाम. हर्ट्झ यांनी निरीक्षणे प्रामाणिकपणे नोंदवली, प्रसिद्ध केली आणि ते आपल्या मूळ कामाकडे वळले. या परिणामाचे स्पष्टीकरण अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये दिले आणि १९२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना प्रामुख्याने त्यासाठी मिळाले.

आवाजाची युक्ती

दूरवर ठिणगी पडली एवढ्यावरून तो तरंगच आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी तरंगाची लांबी दाखवायला हवी. कोणत्याही तरंगाला तीन मापे असतात. एका सेकंदात किती कंपने होतात ती वारंवारता, एका कंपनात तरंग जेवढे अंतर पुढे सरकतो ती तरंगलांबी आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग. हा नियम आवाजाला जसा लागू आहे तसाच प्रकाशालाही.

भिंतीला बांधलेल्या दोरीचे मोकळे टोक योग्य लयीत हलवले, की जाणारा आणि भिंतीवरून परतणारा तरंग एकमेकांत मिसळून दोरीवर काही बिंदू जागच्या जागी स्थिर राहतात. त्यांना निस्पंद म्हणतात आणि लगतच्या दोन निस्पंदांतील अंतर बरोबर अर्ध्या तरंगलांबीइतके असते. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कुंट यांनी १८६६ मध्ये काचेच्या नळीत बारीक भुकटी पसरून आवाजाचे निस्पंद डोळ्यांना दिसतील असे दाखवले होते. १८८८ मध्ये हर्ट्झ यांनी कार्ल्सरूएच्या व्याख्यानकक्षाचीच जणू अशी नळी केली. सुमारे १५ मीटर लांबीच्या त्या कक्षाच्या एका भिंतीवर त्यांनी चार मीटर उंच व दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला आणि समोरून विजेचे तरंग सोडले. मग हातात तारेचे कडे घेऊन ते अंधारात पावलापावलाने अंतर मोजत गेले. कुठे ठिणगी दिसे, कुठे नाहीशी होई, पुन्हा दिसे. रिकाम्या वाटणाऱ्या हवेत निस्पंद सापडले होते. ते तरंग काही मीटर लांबीचे होते.

वर्षअखेरीस त्यांनी ६६ सेंटिमीटर लांबीचे छोटे तरंग निर्माण केले आणि प्रकाशाचे सारे गुण त्यांत तपासले. जस्ताच्या अंतर्वक्र आरशांनी त्यांचा झोत करता आला. ते बंद लाकडी दारातून पलीकडे गेले, पण धातूच्या पत्र्याने अडले. काचेच्या लोलकाने प्रकाश वळतो, तसे हे तरंग वळतात का हे पाहण्यासाठी त्यांनी सुमारे ६०० किलो वजनाचा डांबराचा लोलक ओतवून घेतला. तरंग वळले. लाकडी चौकटीत समांतर ताणलेल्या तांब्याच्या तारांची जाळी एका दिशेने धरली तर तरंग आरपार जात आणि काटकोनात फिरवली तर थांबत. हवेतील आवाज पुढेमागे दाबला जात सरकतो, त्याला असे दिशेचे बंधन नसते. हे तरंग मात्र प्रवासाच्या दिशेला आडवे कंप पावतात, हे जाळीने दाखवून दिले. १३ डिसेंबर १८८८ रोजी हे निष्कर्ष बर्लिनच्या अकादमीपुढे सादर झाले. नऊ वर्षांपूर्वी ज्या संस्थेचा प्रश्न नाकारला होता, तिलाच त्याहून मोठे उत्तर मिळाले.

न जुळणारा आकडा

या यशात एक काटा सलत होता. मॅक्सवेल यांच्या सिद्धांतानुसार तारेवरून जाणाऱ्या आणि मोकळ्या हवेतून जाणाऱ्या तरंगांचा वेग सारखा हवा. पहिल्या मोठ्या तरंगांच्या मोजणीत तो सारखा येत नव्हता. हर्ट्झ यांनी हा आकडा दडवला नाही किंवा सिद्धांताला सोयीचा करून घेतला नाही. जसा मिळाला तसा प्रसिद्ध केला. त्यांच्या आंदोलनांच्या हिशेबात एक गणिती चूक आहे, हे फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वँकारे यांनी दाखवून दिले आणि हर्ट्झ यांनी ते मान्य केले. वेगांतील तफावत मात्र त्या चुकीने मिटत नव्हती. काही मीटर लांबीच्या तरंगांना तो कक्ष अपुरा होता आणि त्यातील लोखंडी खांबांचाही अडथळा होत होता, हे पुढे स्पष्ट झाले. १८९३ मध्ये जिनीव्हा येथे सारासँ आणि द ला रीव या दोघांनी बऱ्याच मोठ्या दालनात प्रयोग केला, तेव्हा दोन्ही वेग सारखे भरले.

उपयोग आणि अंतर

१८८९ मध्ये हर्ट्झ बॉन विद्यापीठात गेले. आता ते सर्व युरोपात प्रसिद्ध होते. १८९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले. या तरंगांतून दूरध्वनीचे संभाषण पाठवता येईल का, अशी विचारणा एका अभियंत्याने त्यांच्याकडे पत्राने केली होती. हर्ट्झ यांचे उत्तर निराशाजनक होते. बोलण्यातील कंपने फारच मंद असतात. त्या गतीने विजेचे तरंग काढले तर ते एवढे लांब होतील, की त्यांना परावर्तित करायला खंडाएवढा आरसा लागेल, असे त्यांनी कळवले.

हिशेब अचूक होता. सेकंदाला १,००० कंपने असलेला आवाज हवेत सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, म्हणून त्याची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर. तेवढ्याच कंपनांचा विद्युतचुंबकीय तरंग तीन लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणून त्याची लांबी ३०० किलोमीटर. उलट, हर्ट्झ यांच्या ६६ सेंटिमीटरच्या तरंगाची कंपने सेकंदाला सुमारे ४५ कोटी होती. तेवढ्याच लांबीच्या आवाजाची कंपने असतात अवघी ५२० च्या आसपास. आकाशात वीज चमकली की लखलखाट तत्काळ दिसतो आणि गडगडाट दर किलोमीटरला सुमारे तीन सेकंद उशिराने येतो, त्यामागेही वेगातील हीच तफावत आहे. मंद आवाज जलद तरंगावर स्वार करून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा उतरवून घ्यायचा, ही रेडिओमागची युक्ती हर्ट्झ यांच्या हयातीत प्रत्यक्षात आली नव्हती.

ती पाहण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. १८९२ पासून नाक, कान व जबड्याच्या विकाराने त्यांना ग्रासले. वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, वेदना थांबल्या नाहीत. आजारपणातही त्यांनी यांत्रिकीच्या मूलतत्त्वांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. १ जानेवारी १८९४ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले. थोरली मुलगी योहाना तेव्हा सहा वर्षांची होती, धाकटी माटिल्डे तीन वर्षांचीही पूर्ण नव्हती. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर हेल्महोल्ट्झ यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. शिष्याच्या पाठोपाठ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुरूही गेले.

त्यानंतरचा प्रवास मात्र वेगवान होता. १८९४ मध्येच ऑलिव्हर लॉज यांनी लंडनमध्ये हर्ट्झ यांच्या कार्यावर सप्रयोग व्याख्यान दिले. ते छापून कोलकात्याला पोहोचले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस या तरंगांकडे वळले. बोस यांनी त्यांची लांबी काही मिलिमीटरपर्यंत खाली आणली आणि १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांचे जाहीर प्रात्यक्षिक केले. इटलीच्या गुल्येल्मो मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संकेत पोहोचवला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. हर्ट्झ यांना उपयोग न दिसलेले तरंग त्यांच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी मुंबईच्या घराघरांत गाणी आणि बातम्या पोहोचवू लागले होते.

पुसले न गेलेले नाव

त्यांच्या जन्मभूमीने मात्र या नावाची काही काळ अवहेलना केली. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि वडिलांकडून आलेला ज्यू वारसा अचानक अपराध ठरला. हॅम्बर्गच्या नगरभवनातील हर्ट्झ यांचे चित्र उतरवण्यात आले. जीवशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेल्या माटिल्डे यांना बर्लिन विद्यापीठातील अध्यापनाचा हक्क गमवावा लागला. वृद्ध एलिझाबेथ आणि दोन्ही मुलींना त्याच दशकात देश सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. बॉनमध्ये हर्ट्झ यांचे सहायक असलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे लेखन संपादित करणारे फिलिप लेनार्ट हे तोवर हिटलरचे उघड समर्थक आणि तथाकथित जर्मन भौतिकशास्त्राचे प्रचारक झाले होते.

विजेच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३० च्या दशकात वारंवारतेच्या एककाला हर्ट्झ हे नाव दिले आणि १९६० मध्ये वजन-मापांच्या जागतिक परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. १९६८ मध्ये हॅम्बर्गमध्ये उभ्या राहिलेल्या सुमारे २८० मीटर उंचीच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यालाही त्यांचेच नाव देण्यात आले. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घरातील वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि दृश्य प्रकाशाची वारंवारता त्याच्या लाखो पट असते. शाळेच्या पुस्तकात हे आकडे वेगवेगळ्या धड्यांत येतात, पण त्यांचे माप एकच आहे. अंधाऱ्या कक्षात इवल्याशा ठिणगीवर नजर लावून अंतर मोजणाऱ्या एका प्राध्यापकाचे नाव त्या प्रत्येक आकड्यापुढे लिहिले जाते.